तेल सांडल्यावर मासळी तपासायची अमेरिकी पद्धत: काय घ्यावं आणि ती कुठे अपुरी पडते

समुद्रात तेल सांडलं की बाजारात एकच प्रश्न फिरतो: मासे खायचे की नाही? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली तेव्हा तो मुंबई-रायगडमध्ये फिरला. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा-३ केरळच्या किनाऱ्यापुढे बुडालं तेव्हा तिकडे. दोन्ही वेळी गिऱ्हाईक मासळीपासून लांब राहिलं आणि त्याचा फटका कोळणींच्या पाटीला बसला. या प्रश्नाला आकड्यानिशी, नमुन्यागणिक उत्तर देणारी तपासणी मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये उभी राहिली. ती लोकांसाठी चालवलेली सेवाच होती, म्हणून तिचं परीक्षणही सेवेसारखंच करायला हवं. आपल्याकडे पुन्हा तेल लागेल तेव्हा हाच नमुना समोर ठेवला जाईल, आणि त्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलली तर कोकणातल्या ताटाला ती लागू पडणार नाही.

२० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, दोन दिवसांनी फलाट बुडाला आणि समुद्रतळावरची विहीर १५ जुलैपर्यंत वाहत राहिली. अमेरिकेच्या सागर व हवामान खात्यानं, म्हणजे नोआनं, २ मेपासून मासेमारी बंद करायला सुरुवात केली. २ जूनला बंद क्षेत्र ८८,५२२ चौरस मैलांवर गेलं. हे सुमारे २ लाख २९ हजार चौरस किलोमीटर होतात, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ पाऊण. आखातातल्या त्यांच्या केंद्रीय हद्दीचं सुमारे ३७ टक्के पाणी बंद होतं.

या सेवेचं सगळ्यांत भक्कम काम हेच. तपासणी कितीही चांगली असली तरी बाजारात आलेला प्रत्येक मासा तपासता येत नाही. म्हणून आधी पाणी बंद करायचं, मग ज्या पट्ट्यात तेल दिसत नाही आणि येण्याची शक्यता कमी आहे तिथले नमुने घ्यायचे, ते पास झाले तरच तो पट्टा उघडायचा, अशी उलटी दिशा ठेवली. सिद्ध करण्याचा भार उघडणाऱ्यावर होता. उघडतानाही सगळं एकदम उघडलं नाही, जातीजातीनं उघडलं: जुलैमध्ये मोठा पट्टा मोकळा झाला तो फक्त पर असलेल्या माशांसाठी, कोळंबी-खेकड्यांसाठी नव्हे. नोव्हेंबर २०१० मध्ये खोल पाण्यातल्या रॉयल रेड कोळंबीच्या जाळ्यात डांबराच्या गोळ्या आल्याचं एका मच्छीमारानं कळवलं, तेव्हा ४,२१३ चौरस मैलांत त्या कोळंबीची मासेमारी पुन्हा बंद केली. उघडलेलं पाणी पुन्हा बंद करायला यंत्रणा कचरत नाही हे दिसलं की लोकांचा विश्वास बसतो. शेवटचा पट्टा उघडला १९ एप्रिल २०११ ला.

आता नमुन्याची तपासणी. पहिली पायरी नाकाची. प्रशिक्षित परीक्षकांचं मंडळ आधी कच्च्या मांसाचा वास घेतं, मग शिजवलेल्याचा, आणि शेवटी चव पाहतं. किमान ७० टक्के परीक्षकांना तेलाचा किंवा तेल फोडणाऱ्या रसायनाचा वास-चव लागली नाही तरच नमुना पुढे जातो. ऐकायला हे जुनाट वाटतं, पण तसं नाही. ताज्या तेलातले हलके घटक, म्हणजे टोल्यूइन, झायलीन, नॅफ्थॅलीन, माशाच्या चरबीत शिरतात आणि तयार नाकाला फार कमी प्रमाणातही कळतात. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत वास अधिक धरतो.

मर्यादा अशी की खरी भीती ज्यांची, ते जड घटक वास देत नाहीत. पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच, यांच्यातला बेन्झो-ए-पायरीन हा कर्करोगकारक घटक. त्याचं धोक्याचं प्रमाण नाकाला कळत नाही. शिवाय उन्हा-लाटांत तेल जुनं होतं तसे हलके घटक उडून जातात आणि जड उरतात. म्हणजे महिन्याभरानंतर वास नाही याचा अर्थ तेल नाही, असा होत नाही. म्हणून दुसरी पायरी प्रयोगशाळेची. सुरुवातीच्या पद्धतीत एका तुकडीला जवळपास आठवडा लागायचा. पुढे अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे द्रवातून घटक वेगळे करण्याच्या पद्धतीवर, आधारलेली चाळणी आणली आणि काम एक-दोन दिवसांवर आलं. नाशवंत मालात हा फरक फार मोठा असतो.

तेल फोडायला सुमारे १८ लाख ४० हजार गॅलन कोरेक्सिट नावाचं रसायन ओतलं गेलं होतं, आणि लोकांची सगळ्यांत मोठी भीती त्याचीच होती. त्यातल्या डीओएसएस या घटकाची चाचणी ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस जाहीर झाली, म्हणजे विहीर बंद झाल्यावर तीन महिन्यांनी. १,७३५ नमुन्यांपैकी १३ मध्ये अंश सापडले, तेही मर्यादेच्या खूप खाली. उत्तर चांगलं होतं, पण उशिरा आलं. लोक ज्याला घाबरतात त्याची चाचणी पहिल्या महिन्यात हवी.

आता मर्यादेचा आकडा, कारण सगळा निवाडा त्यावर उभा आहे. बेन्झो-ए-पायरीनसाठी एफडीएनं धरलेली मर्यादा अशी: माशाच्या एका किलो मांसात ३५ मायक्रोग्रॅम, कोळंबी-खेकड्यात १३२, कालवांत १४३. कालवं तर तेल सगळ्यांत जास्त धरून ठेवतात, मग त्यांनाच सगळ्यांत सैल मर्यादा कशी? कारण मर्यादा प्राण्यावरून नव्हे, खाणाऱ्यावरून काढली आहे. गणितात धरलं आहे: माणसाचं वजन ८० किलो, आयुष्य ७८ वर्षं, गळतीचा अंश ५ वर्षं पोटात जाईल, आणि लाखात एक जादा कर्करोग इतपत धोका चालेल. खाणं किती? दिवसाला मासे ४९ ग्रॅम, कोळंबी-खेकडे १३ ग्रॅम, कालवं १२ ग्रॅम. तिकडे भरपूर मासळी खाणाऱ्यांचं हे प्रमाण. कालवं कमी खाल्ली जातात, म्हणून त्यांना जास्त अंश चालतो.

१३ ग्रॅम कोळंबी रोज, म्हणजे आठवड्याला ९१ ग्रॅम. मालवणात, वर्सोव्यात किंवा मडगावात एवढी कोळंबी एका जेवणात एकाच्या ताटात येते. हे गणित सरळ प्रमाणाचं आहे. वजन कमी तशी मर्यादा खाली, खाणं जास्त तशी आणखी खाली. ५५ किलोची बाई रोज १०० ग्रॅम कोळंबी खात असेल तर १३२ ला ५५/८० नं आणि १३/१०० नं गुणायचं. मर्यादा येते सुमारे १२ मायक्रोग्रॅम. १५ किलोचं मूल रोज ३० ग्रॅम खात असेल तर सुमारे ११. म्हणजे अमेरिकेत पास झालेला ५० मायक्रोग्रॅमचा कोळंबीचा नमुना कोळीवाड्यातल्या घराच्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त ठरतो. गरोदर बाया आणि मुलं यांचा विचार अपुरा झाला, ही टीका २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी केली होती. युरोपीय संघाची शिंपल्यांसाठीची बेन्झो-ए-पायरीनची मर्यादा आहे किलोमागे ५ मायक्रोग्रॅम. ती आणि १४३, यात किती अंतर आहे ते पाहा.

न्यायानं सांगायला हवं की आखातातले बहुतेक नमुने एफडीएच्या मर्यादेच्या शंभर ते हजारपट खाली निघाले. म्हणजे तिथली उघडलेली मासळी आपल्या कडक गणितातही बहुतेक वेळा पास झाली असती. दोष निकालात नाही, मोजपट्टीत आहे. पुढच्या गळतीत अंश जास्त असेल आणि मोजपट्टी हीच असेल, तर अडचण येईल.

दुसरी अडचण मांसाच्या तुकड्याची. तपासणी होते ती खाण्याच्या भागाची: माशाचं मांस, सोललेली कोळंबी. आपण जवळा आणि करंदी अख्खी खातो, डोक्यासकट, पोटातल्या काळ्या दोऱ्यासकट. पीएएच साठतात यकृतासारख्या अवयवात, आणि कोळंबीवर्गात तो अवयव डोक्यात असतो. खेकड्यात कवचाखालचा पिवळसर गर हाच तो. शिवाय जवळा सुकवला की पाणी जातं आणि त्याच अंशाचं वजनी प्रमाण काही पटींनी वाढतं. आपल्याकडची तपासणी सोललेल्या कोळंबीवर थांबली तर ती निम्म्या किनाऱ्याचं जेवण तपासणारच नाही. सुकी मासळी वेगळा नमुना म्हणून घ्यावी लागेल.

कोणत्या जातीत तेल किती टिकतं याची क्रमवारी मात्र या पद्धतीनं बरोबर धरली आहे. माशाच्या यकृतात पीएएच मोडणारी विकरं जोरात चालतात, म्हणून स्वच्छ पाण्यात गेलेला मासा काही दिवसांत-आठवड्यांत मोकळा होतो. कोळंबी-खेकड्यांना वेळ लागतो. तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवं पाणी गाळून खातात, हलत नाहीत आणि मोडायची ताकद फार कमी, म्हणून आठवडे नव्हे तर महिने लागू शकतात, खाली चिखलात तेल अडकलं असेल तर त्याहून जास्त. शेटलंडमध्ये १९९३ मध्ये ब्रेअर जहाज फुटलं, तिथल्या शिंपल्यांवरची बंदी २००० पर्यंत राहिली. २०१० मध्ये उरण, अलिबागच्या बाजूला तिवरांना तेल लागलं होतं. खाडीतली शिंपली नेमकी अशाच जागी काढली जातात.

घरी काय करता येतं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. शिंपल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्यानं वाळू सुटते, तेल सुटत नाही. शुद्धीकरणाच्या टाक्यांत दोन दिवसांत जंतू कमी होतात, पीएएचला ते पुरत नाही. शिजवल्यानं, हळद-मीठ चोळल्यानं, आगळात घातल्यानं जड घटक जात नाहीत. उलट निखाऱ्यावर भाजताना धुरातून नवे पीएएच चढतात. उपयोगाचं एकच: माशाचं पोट आणि यकृत नीट काढणं, कोळंबीचं डोकं आणि दोरा टाकणं, खेकड्याचा पिवळा गर न खाणं.

वासाची चाचणी मात्र घरीही नीट करता येते. शंभरेक ग्रॅम कच्चं मांस झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा मिनिटं ठेवा, झाकण उघडताक्षणी वास घ्या. मग मीठ-मसाला न घालता, थोड्या पाण्यात झाकून शिजवा आणि पहिली वाफ हुंगा. डांबर, रॉकेल, डिझेलची आठवण झाली तर टाका, चव बघू नका. जवळ उदबत्ती, मच्छर अगरबत्ती नको, आणि तीन-चार नमुन्यांनंतर नाक थकतं म्हणून थांबा. होडीच्या इंजिनाचं डिझेल बर्फाला लागलं तरी असाच वास येतो, त्यामुळे एका पाटीवरून अख्ख्या समुद्राचा निष्कर्ष काढू नये. आणि वास आला नाही तर मासळी सुरक्षित ठरली असंही नाही, कारण जड घटकांचं वर आलंच आहे.

विकत घेताना बंदर विचारून फायदा नाही, पाणी विचारा. ससून डॉकला उतरलेली मासळी गुजरातच्या किंवा रत्नागिरीच्या पाण्यातली असू शकते. तेल लागलेल्या खाडीची शिंपली आणि खेकडे निकाल येईपर्यंत बंद ठेवावेत. दूरच्या पाण्यातला सुरमई, पापलेट टाळायचं कारण नाही. सगळीच मासळी टाळली तर ज्यांनी तेल सांडलं नाही त्यांचंच पोट मारलं जातं. पुढाऱ्यांनी लोकांसमोर मासे खाणं हेही पुरावा नाही. जून २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही आखाताची मासळी खाल्ली होती. पीएएचचा धोका वर्षानुवर्षांच्या खाण्याचा आहे, एका ताटात तो दिसत नाही.

आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र नवी मुंबईत आहे, आणि निर्यातीच्या मासळीतले अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा चालू आहेत. गळती हाताळण्याची राष्ट्रीय योजना तटरक्षक दल राबवतं. स्थानिक बाजाराच्या मासळीसाठी तीच यंत्रं पहिल्या आठवड्यात लावली पाहिजेत. निकाल जाहीर करताना नुसतं 'सुरक्षित' लिहू नये. प्रत्येक नमुन्यामागे जात, पकडल्याची जागा आणि तारीख, मांस की अख्खा प्राणी, ओला की सुका, बेन्झो-ए-पायरीनचा आकडा, आणि मर्यादा काढताना दिवसाला किती ग्रॅम खाणं धरलं ते छापावं. आकडा किलोमागे मायक्रोग्रॅममध्येच द्यावा. ०.१३२ दशलक्षांश, म्हणजे दहा लाख भागांत ०.१३२ भाग, असं लिहिलं की तो नगण्य वाटतो, १३२ मायक्रोग्रॅम म्हटलं की युरोपच्या ५ शी लगेच ताडून पाहता येतो.