पेनड्राइव्हमधला ब्राउझर की फ्लॅटपॅक?

नागपूरच्या महालात माझ्या मावसभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. उबुंटू या लिनक्सवर चालणारा एकच पीसी. त्यावरच त्याची बँक, गिऱ्हाइकांचं डिजिलॉकर आणि जूनमध्ये ॲडमिशनवाल्या पोट्ट्यांची रांग. परवा त्यानं विचारलं, "ब्राउझर पेनड्राइव्हात टाकला म्हंजे त्याले बाकीचं काही दिसनार नाही न?"

दिसेल, सगळं दिसेल. पोर्टेबल म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, एवढंच. त्याला कोंडून ठेवणं हे वेगळं काम आहे.

ॲपइमेज घ्या. हा लिनक्सवरच्या पोर्टेबल ॲपचा प्रकार: एकच फाइल, चालवायची परवानगी दिली की सुरू. पण ब्राउझर पेनड्राइव्हवर असला तरी कुकीज आणि हिस्टरी मुकाट्यानं पीसीच्या होम फोल्डरमध्येच जातात. त्या सोबत हव्या असतील तर फाइलशेजारी तिच्याच नावाचं, शेवटी 'डॉट होम' लावलेलं फोल्डर करावं लागतं. शिवाय पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर फाइल बहुधा चालतच नाही. माझी एक संध्याकाळ यातच गेली. शेवटी लिनक्सच्या एक्स्ट४ नं फॉरमॅट केला. आणि हा पेनड्राइव्ह बर्डीच्या ऑटोत राहिला, तर सेव्ह केलेले पासवर्डही त्याच्यासोबत गेले. लक्स एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय न उघडणारं लिनक्सचं कुलूप) नसेल तर या वाटेला जाऊच नका.

उबुंटू 24.04 वर क्रोमियमच्या घराण्यातले (क्रोमसारख्या ब्राउझरचे) ॲपइमेज सँडबॉक्सची, म्हणजे वेबसाइटला कोंडून ठेवणाऱ्या कप्प्याची, तक्रार करत बंद पडतात. मग कुणीतरी 'नो-सँडबॉक्स' लावून चालवा म्हणून सांगतो. ब्राउझरची स्वतःची तटबंदी पाडून प्रायव्हसी मिळवायची, हा अजब सौदा झाला.

फ्लॅटपॅक म्हणजे लिनक्सवर ॲप इन्स्टॉल करायची दुसरी पद्धत. ते पेनड्राइव्हवर सहज फिरवता येत नाही, पण बबलरॅप या टूलच्या मदतीनं ॲपला खरंच कोंडतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये फाइल, कोलन, तीन स्लॅश आणि पुढे होम फोल्डरचा पत्ता टाकून पाहा. साध्या ॲपइमेजमध्ये गिऱ्हाइकांच्या आधारच्या स्कॅनसकट सगळं उघडं पडतं. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या स्टोअरवरच्या फायरफॉक्सला तिथलं डाउनलोड्स सोडून फारसं काही दिसत नाही. परवानग्या फ्लॅटसील या ॲपमध्ये वाचता येतात, कमीही करता येतात. तोटाही सांगतो: फायरफॉक्सच्या आतल्या सँडबॉक्सचा एक थर फ्लॅटपॅकमध्ये लागत नाही. म्हणजे एका वेबसाइटपासून दुसरीला जपण्यात तो किंचित कमी पडतो, आणि तुमच्या फायली जपण्यात बराच पुढे आहे.

फायरजेल हे सँडबॉक्सचं टूल ॲपइमेजलाही कोंडू शकतं, रिकामं होम फोल्डरही देतं. पण ते स्वतः रूटच्या (सगळे हक्क असलेल्या ॲडमिनच्या) अधिकारानं चालतं, आणि 2022 मध्ये त्यातल्याच एका चुकीतून साध्या युजरला रूट होता येत होतं. हौशी माणसाला ठीक आहे. दुकानात मी बसवणार नाही.

यातलं काहीच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, लपवत नाही. त्यासाठी टॉर ब्राउझर: एक्स्ट्रॅक्ट करा, चालवा, त्याचा डेटा त्याच्याच फोल्डरमध्ये राहतो.

तुम्ही दुसऱ्याच्या लिनक्स मशीनवर बसणारे असाल तर एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवरचा ॲपइमेज चालेल, अर्थात त्या मशीनवर भरवसा असेल तरच. मावसभावाला मी गिऱ्हाइकांसाठी वेगळं लिनक्स युजर अकाउंट करून दिलं, त्यात फ्लॅटपॅकचा फायरफॉक्स टाकला आणि ब्राउझर बंद करताच हिस्टरी पुसली जाईल अशी सेटिंग केली. बँक त्याच्या स्वतःच्या अकाउंटमध्ये. दर वेळी लॉगआउट करायचा त्याला कंटाळा येतो, तेवढी कटकट आहे.