पायथन-डॉक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: फक्त तक्त्यांबद्दल

ठरलेल्या वर्ड नमुन्यात दर महिन्याला नवे आकडे भरायचे आणि तक्ते जसे होते तसेच दिसले पाहिजेत, एवढ्याच कामासाठी मी गेले काही महिने पायथन-डॉक्स ही लायब्ररी (पायथन कोडमधून वर्ड फाइल बदलण्याचं साधन) वापरतोय. कोरी फाइल बनवून तीत तक्ता टाकणं सोपं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरा कस लागतो तो दुसऱ्या कुणी मन लावून सजवलेल्या तक्त्यात हात घालताना.

आधी जमेची बाजू. वर्डची डॉक्स फाइल म्हणजे एक झिप, आणि तिच्या आत एक्सएमएल, म्हणजे खुणा लावून लिहिलेला मजकूर. ही लायब्ररी ते एक्सएमएल उघडते, सांगितलं तेवढंच बदलते आणि बाकीचं परत तसंच ठेवते. तिला स्वतःला न समजणारे भागसुद्धा. लिब्रेऑफिसमध्ये उघडून पुन्हा डॉक्समध्ये सेव्ह केलं की अख्खा दस्तऐवज नव्याने लिहिला जातो, तसं इथे होत नाही. त्यामुळे तक्ता बिघडला की दोष जवळपास नेहमी आपल्याच कोडमध्ये सापडतो.

सर्वांत निरागस दिसणारी ओळ म्हणजे सेलच्या 'टेक्स्ट'ला थेट नवा मजकूर देणं. सेलचा रंग आणि कडा टिकतात, कारण ती माहिती सेलच्या स्वतःच्या गुणधर्मांत असते. पण आतला परिच्छेद नवा कोरा येतो, म्हणजे उजवीकडे लावलेले आकडे डावीकडे सरकतात, ठळकपणा आणि फॉन्टचा आकारही जातो. तोच मजकूर परिच्छेदाच्या 'टेक्स्ट'ला दिला तर संरेखन वाचतं, ठळकपणा जातो. रनच्या, म्हणजे परिच्छेदातल्या एकाच सजावटीच्या तुकड्याच्या, 'टेक्स्ट'ला दिला तरच सगळं वाचतं. म्हणून मी नेहमी रनपर्यंत खाली उतरतो. आता वर्ड एकाच शब्दाचे दोन-तीन रन करून ठेवतो ही वेगळी डोकेदुखी. तिथे पहिल्या रनमध्ये पूर्ण मजकूर टाकायचा आणि बाकीचे रिकामे करायचे. सेलमध्ये एकच शैली असेल तर हे चालतं.

नवी ओळ जोडण्याच्या फंक्शनकडून अपेक्षा ठेवू नका. ते स्तंभांच्या रुंदीचे रिकामे सेल देतं. वरच्या ओळीची उंची, रंग, संरेखन काहीच आणत नाही. त्यापेक्षा नमुना म्हणून एक भरलेली ओळ ठेवायची, पायथनच्या डीपकॉपीने तिची प्रत काढायची, ती त्या ओळीखाली जोडायची आणि मग रन भरायचे. शीर्षक ओळीची प्रत मात्र काढू नये, कारण 'प्रत्येक पानावर पुन्हा दाखवा' ही खूणही सोबत येते. ओळ काढून टाकायला तयार फंक्शन नाही, एक्सएमएलमधूनच उपटावी लागते. आणि सेल रिकामा करताना शेवटचा परिच्छेद उडवू नका: प्रत्येक सेलमध्ये किमान एक परिच्छेद लागतो, नाहीतर वर्ड फाइल खराब असल्याचं सांगतो.

एकत्र केलेल्या (मर्ज) सेलमध्ये लूप चालवाल तर एकच सेल अनेकदा हाती येतो. मजकूर बदलत असाल तर फरक पडत नाही, असलेल्या मजकुरामागे नवा जोडत असाल तर तोच आकडा तीनदा छापला जातो. रुंदीचंही असंच: वर्ड सेलवर लिहिलेली रुंदी पाहतो, लिब्रेऑफिस स्तंभांची. दोन्ही लिहिली की वाद मिटतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. देवनागरी मजकुरात 'बोल्ड' चालू करा, वर्डमध्ये काहीही होत नाही. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतो. लायब्ररीतलं नेहमीचं 'बोल्ड' फक्त लॅटिन नोंद बदलतं. ठळकपणासाठी 'सीएस-बोल्ड' असा गुणधर्म आहे. आकार आणि फॉन्टचं नाव यांसाठी मात्र एक्सएमएलमध्ये हाताने लिहावं लागतं. आकार तिथे अर्ध्या पॉइंटांत असतो, म्हणजे 12 पॉइंट हवे तर 24. तयार रनमध्ये मजकूर भरण्याच्या वरच्या पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही, नमुना बनवणाऱ्याने वर्डमधूनच सगळं लावलेलं असतं. मी त्या पद्धतीला चिकटून राहिलो त्याचं मुख्य कारण हेच.

फक्त ओळी वाढवायच्या आणि रकाने भरायचे असतील तर पायथन-डॉक्सवरच बांधलेली डॉक्सटीपीएल ही लायब्ररी बघा. नमुन्यातच लूपच्या खुणा लिहायच्या, ओळ सजावटीसकट पुन्हा पुन्हा येते. मात्र आधीच भरलेला, कुणीतरी हाताने दुरुस्त केलेला तक्ता बदलायचा असेल तर ती उपयोगाची नाही. तिथे मी अजूनही पायथन-डॉक्सच उघडतो.