दारावर बिल दाखवावं की सरळ निघावं?

मोठ्या दुकानात पैसे भरून झाले, ट्रॉली दाराशी आली, की गार्ड हात पुढे करतो. "सर, बिल." पुण्यात कोथरूड, बाणेर, हडपसर, कुठेही जा, किराणा असो, कपडे असोत की मिक्सर. यावर दोनच गोष्टी करता येतात. थांबून बिल द्यायचं आणि तो शिक्का मारेपर्यंत उभं राहायचं. नाहीतर "पैसे भरलेत दादा, येतो" म्हणून न थांबता निघायचं. मी दोन्ही गोष्टी बराच काळ करून पाहिल्या आहेत. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. आत शिरताना होणारी तपासणी हा वेगळा विषय आहे. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. तेव्हापासून मॉलच्या दारात बॅग उघडून दाखवणं आपल्या अंगवळणी पडलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती तपासणी आतल्या सगळ्यांच्या जिवासाठी असते. बाहेर पडतानाची तपासणी दुकानाच्या मालासाठी असते. दोन्हीकडे गणवेश सारखाच, त्यामुळे बरेच जण "सिक्युरिटी आहे, दाखवायलाच हवं" असं धरून चालतात. तसं नाही.

कायदा बघितला तर पारडं न थांबणाऱ्याकडे झुकतं. आपल्याकडे खरेदी-विक्री 1930 च्या माल विक्री अधिनियमाने चालते. काउंटरवर सौदा झाला, पैसे भरले, वस्तू हातात आली की ती तुमची. दाराशी पोचता तेव्हा त्या ट्रॉलीतली तूरडाळ दुकानाची राहिलेली नसते. गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे, त्यातही ते दिलेले नाहीत. उलट जायचा हक्क असलेल्या माणसाची वाट अडवणं हाच गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 126 व्या कलमात त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. सामान्य माणूसही दुसऱ्याला पकडू शकतो, पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल किंवा समोरचा कोर्टाने फरार घोषित केलेला गुन्हेगार असेल तरच, आणि मग सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. बिल दाखवायला नकार देणं यात कुठेच बसत नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्या घरी हा वाद तिकडून येतो, आणि येताना जरा गोंधळ घेऊन येतो. तिकडे कॉस्टकोसारख्या दुकानात वर्षाची फी भरून सभासद व्हावं लागतं आणि बाहेर पडताना बिल दाखवणं सभासदत्वाच्या अटींतच असतं. शिवाय चोरीचा रास्त संशय असेल तर दुकानदाराने गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवून ठेवायला तिथल्या कायद्यात खास मुभा आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी अशी वेगळी तरतूद नाही आणि बहुतेक दुकानांत आपण काही लिहूनही दिलेलं नसतं. फार तर दाराशी एक फलक असतो. फलक वाचून आत गेलात म्हणजे अट मान्य केलीत, असं दुकान म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण मग तो फलक आत शिरताना दिसायला हवा. कॅरीबॅगच्या पैशांच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये हाच मुद्दा धरला होता: पिशवीचे वेगळे पैसे लागणार आहेत हे गिऱ्हाइकाला खरेदी करण्याआधी कळलं पाहिजे, पैसे भरताना नाही. बिल तपासणीलाही हेच लागू व्हावं, असं मला वाटतं.

प्रत्यक्षात न थांबणं किती जमतं? माझ्या अनुभवात फारच सहज. आवाज न चढवता, हसून, चालता चालता बोललं की कोणी मागे येत नाही. रविवारी संध्याकाळी दाराशी रांग लागलेली असताना आणि पिशवीत आईस्क्रीम असताना हा फायदा लहान नाही. त्यात आता कागदी बिल द्यायचं बंद करून मोबाइलवर पाठवायची पद्धत आली आहे. दुकान तळघरात, तिथे रेंज नाही, मेसेज उघडत नाही, मागे दहा ट्रॉल्या. अशा वेळी गार्डही वैतागतो आणि आपणही. (मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गिऱ्हाइकाकडे नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. कागदी बिल मागा. बिल न देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.)

थांबण्याच्या बाजूनेही माझ्याकडे अनुभव आहे. एकदा एका गार्डने खरोखर मोजलं आणि म्हणाला, "काका, तेलाचा डबा एकच आहे, बिलात दोन लागलेत." स्कॅनरवर दोनदा टिक झालं होतं. पाच लिटरच्या डब्याचे पैसे तिथल्या तिथे परत मिळाले. घरी येऊन मला ते कळलं असतं की नाही, सांगता येत नाही. कपड्यांच्या दुकानात शर्टाला लावलेला प्लॅस्टिकचा टॅग काढायचा राहून जातो. तो दाराशी लक्षात आला तर परत हेलपाटा पडत नाही, कारण तो टॅग घरच्या कात्रीने निघत नाही.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाईक म्हणून आपल्या डोक्यात येत नाही. ही तपासणी फक्त आपल्यावर नसते. ओळखीच्या माणसाचं सामान कॅशियर स्कॅन न करताच पुढे सरकवतो, हा या धंद्यातला जुना प्रकार आहे, आणि तो पकडायची दार हीच शेवटची जागा असते. दाराशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा एजन्सीचा असतो, बारा-बारा तास उभा असतो, आणि शिक्का नसलेलं बिल बाहेर गेलं तर बोलणी त्यालाच बसतात. आपण वाद घालतो तो नियम करणाऱ्याशी नाही, तर ज्याला त्यात काडीचाही अधिकार नाही त्याच्याशी. हे मला न थांबण्याच्या काळातही खटकायचं.

तपासणी नीट करता येत नाही असंही नाही. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या साड्यांच्या दुकानांत ती पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आपल्याला कधी जाणवतही नाही. विक्रेता चिठ्ठी करतो, आपण गल्ल्यावर पैसे भरतो, तोवर साड्या डिलिव्हरी काउंटरवर जातात. तिथला माणूस बिल आणि माल ताडून पाहतो, शिक्का मारतो, आणि मग पिशवी आपल्या हातात देतो. मोजदाद पुरती होते, पण ती माल दुकानाच्या हातात असताना होते. पिशवी हातात आली की विषय संपला, दाराशी कोणी काही विचारत नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची यादी दिली तरी साधारण हीच तऱ्हा. स्वतः उचला, स्वतः ट्रॉलीत टाका, या पद्धतीत दुकानाने माणसं कमी केली आणि मधली ही पायरी उचलून दारावर नेली. माल स्वस्त मिळतो त्यात तिचाही वाटा असेल. पण दाराशी जे तपासलं जातं ते आता गिऱ्हाइकाचं असतं, आणि अवघडलेपणा तिथूनच सुरू होतो.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं, ती. वेळ नाही, कायदाही नाही. गार्ड बिल बघतच नाही, माणूस बघतो, ही ती गोष्ट.

एकदा कळलं की ती दर वेळी दिसायला लागते. ओसंडून वाहणारी ट्रॉली घेऊन एखादं कुटुंब येतं, हातभर लांब बिल, त्यातलं काय मोजणार? शिक्का, "थँक्यू सर", गेले. माझ्यासारखा चष्म्यातला, पांढऱ्या केसांचा माणूस "येतो हं" म्हणाला तरी गेला. आणि मग पाठीमागून एखादी बाई येते, कापडी पिशवी, त्यात साबणाच्या दोन वड्या, साखर, अगरबत्ती. बिल तिने आधीपासूनच हातात धरलेलं असतं. तिची पिशवी टेबलावर रिकामी होते.

दिवाळीच्या आधीच्या गर्दीत मी नेहमीसारखा न थांबता निघालो होतो आणि दाराबाहेर रिक्षाची वाट बघत होतो. काचेतून मागे हेच चाललेलं दिसलं. एकेक वस्तू बाहेर, बिलावर बोट, परत आत. सगळं बरोबर निघालं. ती काही बोलली नाही, गार्डही उद्धट नव्हता. आत जाऊन मी मॅनेजरला विचारलं की माझं बिल का नाही बघितलं. तो म्हणाला, "सर, तुमच्यासारख्यांचा प्रश्न नसतो." हे वाक्य मला अजून सहन होत नाही.

कारण नकार देणं मला परवडतं. मला कलम माहीत आहे, मॅनेजरला बोलवा म्हणायची हिंमत आहे, आणि मुख्य म्हणजे पोलीस आले तर ते आधी माझं ऐकतील अशी माझी खात्री आहे. हे सगळं नसलेल्या माणसाला नकाराचा हक्क कायद्याने तेवढाच आहे, पण तो वापरून बघायची जोखीम ती बाई कशी घेणार? आणि माझ्यासारखे जितके जण न थांबता निघतात, तितकी तपासणी न बोलणाऱ्यांवर जाऊन पडते. गार्डलाही दिवसभरात काही बिलं नीट तपासल्याचं दाखवावं लागतच असणार.

म्हणून आता मी थांबतो. न मागता बिल पुढे करतो आणि "दादा, मोजून घ्या" म्हणतो. कधी तो मोजतो, कधी नको म्हणतो. तेव्हा "सगळ्यांचं बघताय ना, माझंही बघा" एवढं बोलतो. माझ्या पुढे किंवा मागे कोणाची पिशवी टेबलावर रिकामी व्हायला लागली की तिथेच उभा राहतो आणि माझीही करा म्हणतो. बहुतेक वेळा मग कोणाचीच होत नाही. एका दुकानात मी तक्रारवहीत लिहून आलो की तपासायचं तर सरसकट तपासा, नाहीतर दर पाचवं बिल असा काहीतरी ठराविक नियम ठेवा. त्याने फरक पडला का, खात्रीने नाही सांगता येणार. मात्र हल्ली तिथे ट्रॉलीवाल्यांनाही थांबवतात.

यावर कोणी म्हणेल की बेकायदा सवयीला मान तुकवायचीच कशाला, सगळ्यांनी एकदम नकार दिला तर ती बंद पडेल. पडेलही. हा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही आणि जो न थांबता जातो त्याच्याशी माझं भांडण नाही. फक्त सगळे एकदम नकार देतील तो दिवस येईपर्यंत त्या टेबलाशी कोण उभं असेल, याचाही विचार व्हावा एवढंच माझं म्हणणं.

थांबणार असाल तर मर्यादा मात्र पक्की ठेवा. बिल आणि विकत घेतलेलं सामान दाखवायचं. स्वतःची पर्स, लॅपटॉपची बॅग, खिसे दाखवायचे नाहीत, आणि अंगाला हात तर अजिबात नाही. अटक झालेल्या स्त्रीची झडती पोलिसांनाही स्त्रीकडूनच आणि सभ्यतेचं भान ठेवून घ्यावी लागते. दुकानाच्या दारात यापेक्षा जास्त सवलत कोणाला असायचं कारण नाही. उघड आरोप झाला तर दाराशी हुज्जत घालू नका. मॅनेजरला बोलवा, सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवायला सांगा, "पोलिसांना बोलवा, मी थांबतो" म्हणा, आणि तेच बोलवत नसतील तर 112 तुम्ही लावा. बिलाची किंवा पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. वॉरंटीची वस्तू असेल तर बिलाचा फोटो काउंटरवरच काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि गार्डचा पंच नेमका सीरियल नंबरवर पडू शकतो.

एका ठिकाणी मी अजूनही थांबत नाही. मॉलमधल्या दुकानाच्या दाराशी बिल दाखवून झालेलं असतं, आणि खाली पार्किंगच्या तोंडाशी मॉलचा गार्ड तेच बिल पुन्हा मागतो. त्याचा त्या खरेदीशी संबंध नाही, आणि ती तपासणी मी सोडली म्हणून ती दुसऱ्या कोणावर जाऊन पडते असंही मला तिथे दिसलेलं नाही. त्याला "वर दाखवलंय" म्हणतो आणि गाडी काढतो.