इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: दिवाळीपासूनचा वापर आणि पिनेच्या टोपीचं प्रकरण

इलेक्ट्रिक कुकरच्या झाकणातल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या सिलिकॉनच्या एका टोपीसाठी सोळाशे रुपयांचं अख्खं झाकण बदला, असं सेवा केंद्रातल्या माणसाने मला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. टोपी आता मिळालीय, कुकर पुन्हा रोज चालतोय, तरी राग गेलेला नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सुट्या भागांची ही तऱ्हा एकाच कंपनीची असेल असं मला वाटत नाही. ६ लिटर, १००० वॅट, आतलं भांडं स्टीलचं, दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला. बाकीची माहिती खोक्यावर असतेच.

घरची परिस्थिती मात्र सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. बायको हिंजवडीहून येते, तिला साडेआठ होतात. मी शहरातून सव्वासातपर्यंत पोचतो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. बाबांना मधुमेह आहे, त्यांना आठला पानावर बसायलाच हवं. दोन मुलं, एक वरणभातवाला आणि एक पोळीवाली. शेगडी दोन बर्नरची. खरी अडचण या दोन बर्नरांची आहे. एकावर तवा, एकावर भाजीची कढई, मग कुकर कुठे लावायचा? आधी कुकर लावून तो उतरेपर्यंत एक बर्नर अडकतो आणि सगळं अर्धा तास मागे सरकतं.

पहिला महिना मी या कुकरवर नाराज होतो. पडद्यावर १० मिनिटं दिसतात, पण ती वाफ धरल्यानंतरची. वाफ धरायला दहा-बारा मिनिटं जातात, शिजून झाल्यावर वाफ आपोआप उतरायला आणखी पंधरा. गॅसवरच्या कुकरला वरणभात पंचवीस मिनिटांत होतो, इथे चाळीस लागत होती. जाहिरातीत ही आधीची आणि नंतरची मिनिटं कोणीच मोजत नाही. त्यात दाबही कमी. गॅसचा कुकर साधारण १ किलो दाबावर चालतो, आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं. इलेक्ट्रिकमधले बरेचसे ०.७ किलोवर थांबतात, म्हणजे ११५ च्या आसपास. पाच अंशांचा फरक ऐकायला किरकोळ, पण न भिजवलेल्या तूरडाळीला तो चांगलाच जाणवतो. डाळ शिजायची, पण रवीने घोटली तरी कण राहायचे. बाबा ताटात बघून म्हणायचे, "शिट्ट्या कमी झाल्या रे." शिट्टी होतच नाही हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला.

मत पालटलं ते बाबांमुळेच. आई गेल्यापासून बाबांनी गॅसला हात लावलेला आम्हाला नको असतो. दोनदा बर्नर चालू राहून गेला होता. पण या कुकरला ज्योत नाही, झाकण नीट बसलं नाही तर तो वाफ धरतच नाही, आणि वेळ झाली की आपला आपण थांबतो. बायकोने डाळभाताच्या बटणावर तिची एक लाल टिकली चिकटवली. बाबांनी एवढंच करायचं: डाळतांदूळ धुवायचे, डबे आत ठेवायचे, झाकण फिरवायचं आणि टिकली दाबायची. मी स्वारगेटला बसमध्ये चढलो की फोन करतो, "बाबा, कुकर लावा." मी घरात पाऊल टाकतो तेव्हा वाफ उतरत आलेली असते. दोन्ही बर्नर मोकळे. कणीक सकाळीच मळून फ्रिजमध्ये ठेवलेली असते, भाजी बायको रात्री चिरून ठेवते. वरणाला फोडणी, एका बाजूला भाजी, दुसऱ्या बाजूला पोळ्या. आठला पानं वाढलेली. पूर्वी यालाच पावणेनऊ व्हायचे आणि बाबा तोवर बिस्किटं खाऊन बसायचे, ते त्यांच्या साखरेला चांगलं नव्हतं.

म्हणून वेळ वाचतो का, या प्रश्नाला माझं उत्तर हे: घड्याळ लावून बघाल तर वाचत नाही. उभं राहण्याचा वेळ वाचतो, बर्नर वाचतो, आणि घरात लवकर असणाऱ्या पण गॅसपाशी नको असणाऱ्या माणसाला स्वयंपाक सुरू करता येतो. ज्यांच्या घरी चार बर्नर आहेत आणि कुकर लावायला कोणीतरी मोठं माणूस असतंच, त्यांनी हे पैसे खर्चू नयेत. त्यांचा गॅसचा कुकर याहून लवकर जेवायला घालेल.

सकाळी भरून संध्याकाळची वेळ लावून ठेवायची सोय आहे, तिच्यावर मी फार भिस्त ठेवली होती. थंडीत ती छान चालली. मार्चनंतर मात्र सोडून दिली. पुण्याच्या उन्हाळ्यात बंद घरात डाळ नऊ-दहा तास पाण्यात राहिली की वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. तीच डाळ शिजवून मुलांना वाढायची माझी तयारी नाही. आता डाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवतो, बाबा काढून पाणी बदलतात. तांदूळ तर कधीच तसे भिजत ठेवू नयेत.

पाण्याबद्दल थोडं, कारण यावर कोणी बोलत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं, त्यात डाळीचं आणि कडधान्याचं साल मऊ पडत नाही. गॅसच्या कुकरला दोन शिट्ट्या वाढवून भागतं. इथे दाबच कमी, त्यामुळे फरक जास्त दिसतो. मी डाळीपुरतं प्यायचं पाणी घालायला लागलो आणि कण राहायचे थांबले. अर्धा तास भिजलेली तूरडाळ १० मिनिटांत लोण्यासारखी होते. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजल्यावरच, आधी घातले तर आंबटाने डाळ दडस राहते. भाताला पाणी कमी लागतं, वाफ बाहेर जात नाही ना. कोलमला दीडपट पुरतं, नव्या इंद्रायणीला त्याहूनही कमी. तांदूळ जुना की नवा ते बघून पहिल्या दोन-चार वेळा अंदाज घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे व्हिडिओ बघून प्रमाणं घेऊ नका. त्यांचा बासमती आणि आपला इंद्रायणी यांचं गणित एक नाही.

उसळींना मात्र मनापासून दाद देतो. भिजवलेला अख्खा मसूर ८ मिनिटं, छोले २५, मोड आलेली मटकी फक्त २, नाहीतर तिचा गाळ होतो. फोडणी त्याच भांड्यात करता येते. पण कांदा-खोबऱ्याचं वाटण तळाला धरलं की यंत्र तापलं म्हणून थांबतं. वाटण परतलं की अर्धी वाटी गरम पाणी घालून उलथन्याने तळ खरवडून घ्यायचा, मगच झाकण. मसालेभात करताना हे विसरून चालत नाही.

डब्यांची गोष्ट बारीक आहे, पण रोज खटकते. आमच्या जुन्या पाच लिटरच्या कुकरात तीन डबे बसायचे: डाळ, भात आणि वर बटाटे किंवा लाल भोपळा. यात खाली दीड वाटी पाणी आणि तिवई ठेवली की दोनच डबे मावतात, तिसरा झाकणाला टेकतो. घ्यायच्या आधी आपले डबे दुकानात घेऊन जा. दुकानदार नको म्हणणार नाही.

विजेचा खर्च बघितला तो फारसा नाही. १००० वॅट म्हणजे पूर्ण तास सलग चालला तर १ युनिट. तापायला बारा मिनिटं धरली तर ०.२ युनिट, पुढे तो थांबून थांबून चालतो. एक वरणभात अर्ध्या युनिटाच्या आतच उरकतो. शिजल्यावर गरम ठेवायचं बटण मात्र बंद करा. वीज जाते ती जातेच, भाताच्या कडाही वाळून पिवळ्या पडतात. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालतो, पण बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर नको. आणि गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, ती संध्याकाळपर्यंत आली नाही तर गॅस आहेच. जुना कुकर विकू नका.

आता ती टोपी.

झाकणात एक छोटी धातूची पिन असते. आत वाफ साठली की ती वर उचलली जाते, आणि तिच्या खालच्या टोकाला बसवलेली सिलिकॉनची टोपी झाकणाच्या भोकाला आतून दाबून बसते. भोक बंद झालं की दाब धरतो. अख्ख्या सहा हजारांच्या यंत्राचं काम त्या टोपीवर अवलंबून आहे. मे महिन्यात पिनेच्या बाजूने फुसफुस सुरू झाली. बाबांनी टिकली दाबली होती, मी आलो तर पिन खालीच, ओटा ओला, डब्यातली डाळ पाण्यात तशीच आणि खालचं पाणी आटत आलेलं. पिन काढून उजेडात धरली. टोपीच्या कडेला केसासारखी चीर गेली होती, आणि डाळीचा फेस वाळून पिवळा थर बसला होता.

सेवा केंद्रात गेलो. "सर, सुटी टोपी येत नाही, झाकणाची असेंब्ली येते." वॉरंटी? एक वर्षाची आहे, पण सिलिकॉनचे भाग त्यात नाहीत. मी म्हटलं, झाकण तर धातूचं आहे, मग वॉरंटीत बदलून द्या. तर म्हणे झाकणात दोष नाही. म्हणजे विकत घ्यायचं असेल तर पूर्ण झाकण, आणि वॉरंटी मागितली तर नुसती टोपी. या उत्तराला काय म्हणावं? गॅसच्या कुकरची रिंग खेड्यातल्या भांड्यांच्या दुकानातही टांगलेली असते, लिटर सांगा की काढून देतात. शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, हँडलचा स्क्रू, सगळं सुटं मिळतं. म्हणूनच आईचा कुकर तीस वर्षं चालला. मी बोहरी आळीत जाऊन विचारलं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चार प्रकारच्या टोप्या पिनेवर लावून बघितल्या, एकही बसली नाही, आणि त्याने पैसे घेतले नाहीत. ऑनलाइन दिसणाऱ्या निनावी टोप्या मी मुद्दाम घेतल्या नाहीत. दाबाच्या भांड्यात कुठलाही रबर घालायचा नसतो, तुम्हीही घालू नका.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, टोपीचा फोटो आणि सेवा केंद्राने लिहून दिलेला झाकणाचा अंदाजखर्च, हे तिन्ही जोडलं. तो कागद मी हट्टाने मागून घेतला होता, आणि तोच कामाला आला. काही आठवड्यांनी कंपनीतून फोन आला आणि कुरिअरने दोन टोप्या आल्या, फुकट. छोट्या प्लास्टिकच्या पुडीत, वर छापील भाग क्रमांकासकट. म्हणजे टोपी सुटी होतीच! गोदामात होती, क्रमांक होता, फक्त ग्राहकाला द्यायची नव्हती. खोटं बोलून सोळाशे रुपये काढायचा हा प्रकार मला अजिबात मान्य नाही.

मधल्या काळात आम्ही गॅसच्या कुकरवर आलो, आणि तेव्हाच यंत्राची खरी किंमत कळली. बाबांना कुकर लावता येईना, मी आल्यावर सगळं सुरू. जेवण पुन्हा पावणेनऊला. बाबा एकदा म्हणाले, "ती टिकली कधी येणार?" तेव्हा जो जीव तुटला, त्यानेच मी १९१५ लावला.

टोपी टिकवायची तर दर रविवारी पिन काढा, टोपी बोटाने अलगद ओढा, कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडी करून परत बसवा. डाळीत हळदीबरोबर थेंबभर तेल घाला, फेस कमी येतो. झाकणावरच्या खटक्याने वाफ झटकन सोडू नका. डाळीचा फेस त्याच वाटेने वर येतो, आणि वर कपाट असेल तर सनमायका फुगतो. झाकणाची मोठी रिंग लसूण-मसाल्याचा वास धरते, खिरीला तो लागतो, म्हणून गोडासाठी वेगळी रिंग ठेवा.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा तारा सेवा केंद्राने घालवला, बाकीचा एक तिसऱ्या डब्याने. घेणार असाल तर दुकानात पैसे द्यायच्या आधी पिनेची टोपी, मोठी रिंग आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात का ते विचारा, प्रत्येकाची किंमत बिलामागे लिहून घ्या, आणि दोन टोप्या त्याच दिवशी विकत घ्या. दुकानदाराला लिहून द्यायचं नसेल तर दुसऱ्या कंपनीचा बघा.