इंदुरात एअर सस्पेन्शनची जुनी एसयूव्ही सांभाळणं : गाडीचा आणि देवास नाक्याकडच्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

मोठी परदेशी एसयूव्ही सेकंडहँड स्वस्तात मिळतेय, चारी चाकांना एअर सस्पेन्शन आहे, घेऊ का, असं विचारणारे इंदुरात आता बरेच झालेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही, नवीन असताना तोंडात बोटं घालायला लावणारी किंमत असलेली गाडी आठ-दहा वर्षांनी इनोव्हाच्या भावात उभी दिसली की भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो. माझ्याकडे अशीच एक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या गाडीत जे बिघडलं ते या जातीच्या सगळ्याच गाड्यांत कधी ना कधी बिघडतं, उगाच एकाच्याच डोक्यावर खापर कशाला. मत आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालवायला याच्यासारखं सस्पेन्शन नाही, ऑफ-रोडला मात्र जेवढा गाजावाजा आहे तेवढं काही नाही, आणि गाडी बघायला जायच्या आधी लीक शोधू शकणारा मेकॅनिक शोधा. कंप्रेसर बदलणारे ढिगानं मिळतात, लीक शोधणारा मिळत नाही.

आत काय असतं ते थोडक्यात. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचा बलून, त्यात हवा, हवा भरायला बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर, हवा साठवायला टाकी, कुठल्या चाकाला किती द्यायची ते ठरवणारा वॉल्व्ह ब्लॉक, आणि प्रत्येक चाकापाशी हाइट सेन्सर. मागं चार माणसं आणि सामान बसलं की गाडी ढुंगण टेकते ना, तसं इथं होत नाही, सेन्सर सांगतो मागचं खाली गेलंय, कंप्रेसर घर्रर्र करतो आणि गाडी पुन्हा सपाट. शिवाय वजन वाढलं की बलूनमधलं प्रेशर वाढतं आणि त्यासोबत स्प्रिंगचा कडकपणाही, म्हणून रिकामी गाडी आणि भरलेली गाडी जवळपास सारखीच चालते. ओंकारेश्वर इथून सुमारे ८० किलोमीटर, सिमरोलचा घाट उतरून चोरळ, बडवाह असं जायचं, खंडवा रोडचं काम आणि डायव्हर्जन किती वर्षं चाललंय ते विचारू नका, तर त्या रस्त्यावर सात माणसं, वरती नैवेद्याचे डबे, आणि आमच्या काकांना मागच्या सीटवर मणक्याचा त्रास असूनही ते बडवाहपर्यंत झोपले, याच्यापुढं मी वेगळा टेस्ट रिपोर्ट काय देऊ. फॉर्च्युनरमध्ये हेच काका सिमरोललाच उतरून चहा मागतात. (फॉर्च्युनर वाईट नाही, वीस वर्षं मार खाईल, पण मागच्या माणसाला तो मार कळतो.)

दुसरी गोष्ट जिच्याबद्दल कोणी बोलत नाही ती म्हणजे गाडी खाली बसवणं. बटण दाबलं की गाडी काही सेंटिमीटर खाली येते. आईचे गुडघे गेलेत, राजेंद्रनगरला घरापुढं गाडी लावली की आधी खाली बसवायची मग दार उघडायचं. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरमध्ये हे ५० मिलिमीटर आहे. ऐकायला कमी वाटतं, पण पाय उचलणाऱ्याला विचारा. आमच्या घरात तरी त्या डोंगरदऱ्यांच्या मोडपेक्षा हे बटण जास्त वापरलं जातं.

आता ऑफ-रोड, ज्याच्यासाठी लोक हे घेतात.

इथलं ऑफ-रोड म्हणजे काय, जानापावच्या बाजूचे दगडी रस्ते, चोरळ नदीकाठ, कालाकुंडकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटा, आणि पावसाळ्यात माळव्याची काळी माती, जी टायरला चिकटली की टायरची नक्षी दिसतच नाही. एअर सस्पेन्शन इथं उंची देतं हे खरं. डिफेंडर ११० एअरवर पूर्ण उचलली की ग्राउंड क्लिअरन्स २९१ मिलिमीटर होतो आणि पाण्यात ९०० मिलिमीटरपर्यंत जायची मुभा आहे, आपल्या थारला हेच आकडे २२६ आणि ६५० आहेत, जिम्नीला क्लिअरन्स २१०. कागदावर विषयच संपला.

पण वाटेवर तसं होत नाही. गाडी पूर्ण उचलली म्हणजे चाकाची खाली लोंबायची जी जागा होती ती आपण आधीच वापरून टाकली. आता एक चाक खड्ड्यात गेलं की ते आणखी खाली जाऊच शकत नाही, हवेत लटकतं आणि गरागरा फिरतं, आणि लहान दगडावरूनसुद्धा खाड खाड असा आवाज येतो, जो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं काही नसतं, शॉक (चाकाचे झटके जिरवणारा दांडा) पूर्ण ताणला जाऊन अडतो त्याचा तो आवाज. काही कंपन्यांनी यावर उपाय केलाय, एका बाजूचा बलून दाबला गेला की वॉल्व्ह उघडून त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या बलूनला जोडायचा, म्हणजे एक चाक वर तर दुसरं खाली ढकललं जातं, अखंड अ‍ॅक्सलवाल्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यानं जोडलेल्या, जुन्या जीपसारखं. रेंज रोव्हरमध्ये हे आहे आणि चांगलं चालतं. तरीसुद्धा मोठे दगड असतील तिथंच पूर्ण उंची, बाकी नॉर्मल उंचीवर हळू चालवा, टायरची हवा थोडी कमी करा, जास्त आरामात जाल. जिम्नी आणि थारवाले आमच्या पुढं निघून जातात ते उंचीमुळं नाही, मागं अखंड अ‍ॅक्सल (जिम्नीला तर पुढंसुद्धा) आणि हलकं वजन यामुळं. आणि वेग जरा वाढला की गाडी आपोआप खाली येते, त्यामुळं उचललेल्या गाडीत बायपासवर रुबाब करायचा बेत असेल तर तो सोडा.

आता बिघाड. कुठल्याही एअर सस्पेन्शनला खडकानं मारलेलं मी अजून बघितलं नाही, मारतो तो बारीक लीक. गंमत अशी की हे दुखणं फार जुनं आहे, अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉघमला एअर सस्पेन्शन दिलं होतं, ते इतकं गळायचं की मालकांनी काढून साध्या कॉइल बसवून घेतल्या. रबर तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारलं, पण रबर ते रबरच. बलूनची जी घडी वरखाली गुंडाळत असते तिथं चिखलातली रेती अडकते, उन्हानं आणि वयानं बारीक चिरा पडतात, मग रात्री एक कोपरा बसतो. सकाळी गाडी चालू केली की कंप्रेसर भरून टाकतो आणि माणूस म्हणतो चाललंय की. इथंच गेम होतो. जो कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबायला बनवलाय तो दिवसभर चालतो, तापतो, आतली पिस्टनची टेफ्लॉनची रिंग झिजते, हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरमधले दाणे ओले होऊन त्यांची पावडर वॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, आणि मग मे महिन्याच्या दुपारी एमआर टेनच्या सिग्नलवर स्क्रीनवर पिवळी पाटी येते आणि गाडी बसते. म्हणजे दोन पैशाच्या लीकपायी कंप्रेसर, वॉल्व्ह ब्लॉक, रिले (कंप्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) असं सगळं एका मागोमाग जातं.

माझं नेमकं हेच झालं. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाल्यांनी (नाव राहू दे) कॉम्प्युटर लावला, कंप्रेसर फॉल्ट आला, कंप्रेसरचं एस्टिमेट हातात दिलं, आणि सोबत खबरदारी म्हणून चारी कोपरे बदला असंही. त्या आकड्यात घरी एक सेकंडहँड वॅगन आर आली असती. लीक कुठं आहे असं विचारलं तर सर, मशीनमध्ये लीक येत नाही.

मग एका ट्रॅव्हल्सवाल्या मित्रानं देवास नाक्याकडच्या या वर्कशॉपचं सांगितलं, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठी आहे. उस्ताद आधी लक्झरी बसवर काम करायचे. आता विचार करा, व्होल्वोची बी७आर भारतात आली २००१ साली, एअर सस्पेन्शनची, नंतर इंदूर-पुणे, इंदूर-मुंबई रात्रीच्या गाड्या किती झाल्या, म्हणजे या शहरात हवेवर चालणाऱ्या बस दुरुस्त करणारे हात कधीचे तयार आहेत, आपणच त्यांना सोडून एसीवाल्या शोरूममध्ये कॉफी पीत बसतो. उस्तादांनी एस्टिमेट बघितलं आणि म्हणाले, "भिया, कंप्रेसर तो मैं भी डाल दूँगा, पर हवा जा कहाँ री है वो तो देख लें पेले."

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सस्पेन्शनचा फ्यूज काढला, कारण काही गाड्या बंद असतानाही मधूनमधून जागी होऊन जो कोपरा सगळ्यात खाली असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आणतात, म्हणजे एक गळतो आणि चारी बसलेले दिसतात, गुन्हेगार सापडत नाही. फ्यूज काढला की प्रत्येक कोपरा आपापला. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपनं माप घेऊन खडूनं फेंडरवर लिहून ठेवलं. सकाळी मागचा डावा बोटभर खाली, बाकी जागेवर. मग गाडी पूर्ण उचलून, खाली स्टँड लावून, भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून त्या बलूनच्या घडीवर मारलं. आधी काही नाही. उस्तादांनी टॉर्च तिरपी धरली, मान वाकडी करून बघत राहिले, आणि घडीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे बुडबुडे, एकामागं एक, एका ओळीत. नॉर्मल उंचीला ती चीर घडीत दबलेली राहते, दिसणारच नाही. पाइपच्या फिटिंगवरही साबण मारला, वॉल्व्ह ब्लॉकवर मारला, तिथं कोरडं.

माझ्या गाडीत मागं बलून वेगळा आणि शॉक वेगळा, त्यामुळं एक बलून बदलून भागलं. पुढं स्ट्रटमध्ये दोन्ही एकत्र असतात, तिथं खर्च एकदम उडी मारतो हे घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं. बलून आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नाही तर बाहेरचा, मागवला, यायला वेळ लागला, कंप्रेसरला नवी रिंग घातली, ड्रायरचे दाणे बदलले, आणि रिले नवीन टाकला. रिलेवर उस्ताद अडून बसले होते, जुना रिले चिकटला तर कंप्रेसर थांबतच नाही आणि नवीन केलेलं काम पुन्हा जळतं. बिल त्या एस्टिमेटच्या पाव भागात.

कौतुक पुरे, आता तक्रारी. वेळ पाळणं हा प्रकार तिथं नाही, परवा म्हणजे पुढच्या आठवड्यात. फोन उचलत नाहीत, जाऊनच उभं राहावं लागतं. बिल साध्या कागदावर, पार्टची वॉरंटी तोंडी. बसायला एक फाटकी सीट, तीही कुठल्यातरी बसमधून काढलेली, पण खरं सांगायचं तर शोरूमच्या सोफ्यापेक्षा बरी. उंचीचं कॅलिब्रेशन करायला लागणारं सॉफ्टवेअर त्यांच्याकडं सगळ्या गाड्यांचं नाही, तुमच्या मॉडेलचं आहे का ते आधी विचारा. आणि एकाच वेळी इतक्या गाड्या उघडून ठेवतात की आपली कुठली ते शोधावं लागतं.

घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी, माझ्या चिडचिडीतून आलेल्या. पंक्चरवाल्याला जॅक लावू द्यायच्या आधी मेनूत जाऊन जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडीला वाटतं आपण फार वर गेलो, ती बिचारी हवा सोडते, आणि जॅक काढला की धप्पकन खाली, रिकाम्या बलूनची घडी वेडीवाकडी दाबली जाते. खंडवा रोडवर एका पंक्चरवाल्याला हे समजावताना त्यानं माझ्याकडं असं बघितलं की साहेब उन्हात जास्त वेळ उभे राहिलेत. आणि चिखलातून आल्यावर गाडी पूर्ण उचलून बलूनच्या घड्यांवर पाणी मारून घ्या, वॉशिंगवाला वरवर बॉनेट चमकवतो, त्याला खाली वाकायला सांगा, दहा-वीस रुपये जास्त द्या.

वडोद्याच्या आमच्या मेव्हण्यानं वैतागून एअर काढून कॉइलची किट बसवली. गाडी आता बसत नाही हे खरं, पण खाली होत नाही, उचलली जात नाही, भरली की मागून झुकते, आणि डॅशबोर्डवरची पाटी गप्प करायला वेगळा मॉड्यूल लावावा लागला. विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं, हे का काढलं. मला विचाराल तर गाडी घेतानाच किमतीतून दोन कोपरे आणि एक कंप्रेसर एवढी रक्कम बाजूला काढून ठेवा, ती ठेवणं जमत नसेल तर सरळ कॉइलवाली फॉर्च्युनर बघा. माझ्या गाडीचा पुढचा उजवा आता सकाळी किंचित खाली दिसतो, टेप गाडीतच ठेवलीय, पावसाळ्याच्या आधी देवास नाक्याला नंबर लावायचाय.