बायरामच्या सुट्टीचा आधार घेऊन इस्तंबूलमध्ये झालेली फसवणूक

सणाच्या सुट्टीत इस्तंबूलमध्ये पर्यटकांना गाठणारी माणसे पूर्णपणे खोटे बोलत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा संशय येत नाही. आमच्या बाबतीत नेमके असेच घडले.

2025 मध्ये तुर्कस्तानात कुर्बान बायरामी, म्हणजे आपली बकरी ईद, 6 ते 9 जून अशी चार दिवस होती. भारतात ती 7 जूनला साजरी झाली, त्यामुळे घरच्या कॅलेंडरवरून तिथल्या सुट्ट्यांचा अंदाज बांधता येत नाही. सुलतानअहमतच्या ट्राम थांब्याजवळ भेटलेल्या एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने आम्हांला ग्रँड बझार बंद असल्याचे सांगितले, ते खरेच होते; हा बाजार रविवारी आणि धार्मिक सणांच्या दिवसांत बंद असतो. त्याला जोडूनच, ट्राम थोड्या वेळात थांबतील आणि टॅक्सीला आज सणाचा दुप्पट दर आहे, असे सांगून त्याने आपल्या भावाची गाडी पुढे केली. वास्तविक बायरामच्या दिवसांत पालिकेच्या ट्राम, मेट्रो आणि बस सुरू असतात, एवढेच नव्हे तर त्यांचा प्रवास मोफत असतो. आणि टॅक्सीच्या मीटरला सणाचा वेगळा दर नसतो.

गाडी थांबली ती ‘सरकारमान्य विणकर संस्थे’च्या दालनापाशी. सणानिमित्त कर माफ असल्यामुळे रेशमी गालिचा निम्म्या किमतीत मिळेल, असे सांगून चहा देण्यात आला. (तो चहा मात्र उत्तम होता.) बँका बंद असल्याने कार्डाचे यंत्र चालत नाही, म्हणून 900 युरो रोख मागण्यात आले आणि हिशेबनीस रजेवर असल्यामुळे पावती मागाहून ईमेलने पाठवू, असे आश्वासन मिळाले. बँका बंद होत्या हेही खरेच. पण कार्डाची यंत्रे सुट्टीतही चालतात आणि दुकानदाराला पावती जागेवरच द्यावी लागते. रोखीचा आग्रह कशासाठी होता, हे उघड आहे: कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे तक्रार करता आली असती.

परतल्यावर येवल्यातील पैठणीच्या एका जाणकार व्यापाऱ्याने गालिच्याच्या झालरीचा धागा जाळून दाखवला. अस्सल रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांनी चुरडली जाते. आमच्या धाग्याला जळक्या कागदाचा वास आला. झालर कधीकधी मुद्दाम सुती ठेवतात, म्हणून त्यांनी गालिच्याच्या लवेतील धागाही तपासला, तरी वास तोच आला. कबूल केलेली पावती अद्याप आलेली नाही आणि दुकानाने दिलेला ईमेल पत्ताही चालत नाही. सुलतानअहमतमध्ये पर्यटन पोलिसांचे कार्यालय आहे, परंतु हातात कागद नसताना दुरून तक्रार पुढे नेणे जवळजवळ अशक्य ठरले.

2026 मध्ये हाच सण तिथे 27 ते 30 मे या काळात आहे आणि 26 तारखेला दुपारपासूनच सरकारी कार्यालये बंद होतील. त्या आठवड्यात जाणाऱ्यांनी गालिच्याची खरेदी सुट्टीनंतर, ग्रँड बझार उघडल्यावरच करावी.