कुंपण होईपर्यंत वाघीण म्हातारी: प्लॅनेट झू घ्यावा की लेट्स बिल्ड अ झू?

हिंजवडीतून नऊला घरी पोचणाऱ्या एका मित्राने विचारलं की सेल लागलाय तर प्राणीसंग्रहालय चालवायच्या या दोन कॉम्प्युटर गेममधला कुठला घेऊ. मी त्याला ग्राफिक्स, प्राणी किती, डीएलसी (वेगळे पैसे देऊन घ्यायचे जादा भाग) किती यातलं काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की तुला रोज सलग किती वेळ बसता येतं. कारण माझ्या मते झू गेममध्ये खरा फरक घड्याळाचा आहे, बाकी सगळं नंतर.

आधी प्लॅनेट झू. २०१९ चा, फ्रंटियर कंपनीचा, दिसायला एकच नंबर. पण यात दोन घड्याळं चालतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. माणसं चालतात नॉर्मल वेगाने आणि कॅलेंडर पळतं. म्हणजे पाहुणा जानेवारीत गेटमधून आत येतो, हत्ती बघतो, काहीतरी खातो, बाकावर टेकतो आणि बाहेर पडेपर्यंत दिवाळी आलेली असते. कात्रजला आपण तीन तास फिरून येतो आणि त्यातला वाघ तिन्ही तास झोपलेला असतो, इथे तेवढ्या वेळात वाघाची नातवंडं झालेली असतात. खऱ्या वाघिणीला पिल्लं व्हायला साडेतीन महिने लागतात आणि हत्तिणीला जवळजवळ २२, गेममध्ये हे सगळं चहा गार व्हायच्या आत उरकतं.

याचा त्रास कुठे होतो सांगतो. तुम्ही हौसेने बंगाल टायगरची जोडी आणली, नावं ठेवली (मी दुर्गा आणि बाजीराव ठेवली होती, हसू नका), आणि मग दगड, धबधबा, झाडं लावत बसलात. गेम पॉज केला नसेल तर तलाव पूर्ण होईपर्यंत दुर्गा म्हातारी. वर नोटिफिकेशनचा पाऊस, पिल्लू झालं, पिल्लू मोठं झालं, बापलेकीची जोडी लागतीये, जागा कमी पडतीये, निदर्शनं करणारे आलेत. वॉर्थहॉग (आफ्रिकेतलं रानडुक्कर) आणि मोर तर विचारूच नका, एक जोडी आणा आणि गर्भनिरोधक द्यायला विसरा, मग बघा मजा. फ्रँचायझी मोडमध्ये खेळाडू एकमेकांना प्राणी विकतात, तिथला बाजार गेम नवीन असताना वॉर्थहॉगनी अक्षरशः तुंबला होता. लोकांनी बोंब मारल्यावर वय वाढायचा वेग कमी करायची सोय आली, आणि सँडबॉक्समध्ये, म्हणजे सगळं आपल्या मनासारखं ठरवायच्या मोकळ्या मोडमध्ये, तर म्हातारपण आणि मरण सरळ बंदच करता येतं. पण मग पुढच्या पिढ्यांची जीन्स सुधारत नेणं, वेगळ्या रंगाची पिल्लं शोधणं, चांगले प्राणी जंगलात सोडून कॉन्झर्वेशन क्रेडिट (प्राणी घ्यायचं गेममधलं चलन) कमावणं, यातली गंमत पण जाते, कारण ते सगळं पिढ्या भराभर सरकण्यावरच उभं आहे. रिसर्चचं पण तेच, डॉक्टर आणि मेकॅनिक कामाला लावून वेळ पुढे जाऊ द्यावाच लागतो.

म्हणून प्लॅनेट झू खेळणारे बहुतेक लोक पॉजवर जगतात. पॉज करून बांधायचं, मग वेळ सोडायचा, दहा मिनिटं धावपळ, परत पॉज. मला स्वतःला हे आवडतं, पण त्याला रविवारची अख्खी दुपार लागते. आणि लॅपटॉप दणकट पाहिजे, झू मोठं झालं आणि गर्दी वाढली की प्रोसेसरचा घाम निघतो, तीन नंबरचा स्पीड दाबून पण काही पळत नाही.

आता लेट्स बिल्ड अ झू, २०२१ चा, पिक्सेलवाला, म्हणजे जुन्या गेमसारखी ठिपक्यांची चित्रं असलेला. इथे हिशोब वर्षाचा नाही, दिवसाचा. सकाळी गेट उघडतं, बसने लोक येतात, संध्याकाळी जातात, दिवस संपला की काय कमावलं काय गेलं ते समोर. बस एवढंच, पण यामुळे फरक केवढा पडतो! "अजून एकच दिवस" असं म्हणत बसायचं, पण कुठल्याही दिवसाच्या शेवटी उठता येतं आणि उद्या परत उघडल्यावर काय चाललं होतं ते आठवतं. प्लॅनेट झूमध्ये चार दिवसांनी परत आलो की पहिली वीस मिनिटं कुठला प्राणी कुणाचा कोण हे शोधण्यातच जातात. इथे प्राणी मरत नाहीत असं नाही, पण दोन प्राण्यांची जनुकं जोडून बदकाचं डोकं सापाला लावणाऱ्या गेममध्ये मरणाचं ओझं तेवढं वाटत नाही. अशा तीन लाखांच्या वर जोड्या होतात म्हणे. वर मधूनमधून नैतिक प्रश्न टाकतात, काळा धंदा करायचा की सरळ राहायचं, त्यात वेळ बरा जातो. कमी काय, तर बांधकामाची हौस अजिबात भागत नाही. चौकोन टाका, कुंपण घाला, झालं. दगडावर शेवाळ कुठे हवं असले लाड नाहीत. आणि बऱ्याच दिवसांनंतर तेच ते वाटायला लागतं, हे पण सांगून ठेवतो.

२००१ चा झू टायकून घ्या असं कुणी म्हणेल. मी मावसभावाच्या कॉम्प्युटरवर तोच खेळून मोठा झालो, पण आज तो रीतसर विकत मिळणं अवघड आणि नव्या विंडोजवर चालवायला खटपट, त्यामुळे सोडा.

तर ज्याला रात्री चाळीस मिनिटं मिळतात आणि मधेच आई जेवायला हाक मारते, त्याने पिक्सेलवाला घ्यावा. ज्याला शनिवार-रविवार मोकळे आहेत, बांधायची आवड आहे आणि पॉजचं बटण दाबायचा कंटाळा नाही, त्याने प्लॅनेट झू, फक्त पहिला झू सँडबॉक्समध्ये म्हातारपण बंद करून करा, फ्रँचायझीत नंतर उतरा. आणि एखादा प्राणी मेला की ज्याचा दोन दिवस मूड जातो, त्याने फ्रँचायझीच्या वाटेला जाऊच नये, दुर्गा वाघीण गेल्यावर माझी बायको परत त्या गेमला शिवलेली नाही.

मित्राने अर्थातच माझं न ऐकता प्लॅनेट झू घेतला. परवा रात्री साडेअकराला मेसेज, "अरे, ४३ मोर झालेत, काय करू?"